साबणाचा लाकडी साचा

साबण घरी करता येतो. पुष्कळ जणी करतातही. पण साबण करायचा म्हटले की सगळे तेलाची चौकशी करतात, सोड्याची चौकशी करतात. साच्याची चौकशी कोणी करीत नाही. आम्हीही केली नाही. त्याची गोष्ट आधी ऐका.

आम्ही चौघींनी पैसे घालून तेल आणले. घरात आंब्याच्या ओल्या फळ्या पडल्या होत्या. त्यांना खिळे ठोकून एक पेटी केली. साबणाचा रस तीत ओतला, वर गोणपाट टाकले आणि निजलो. रात्री सांध्यातून रस झिरपला. सकाळी पाहतो तो ओसरीवर पांढरा ओघळ! घरातले रांगते मूल तिकडेच निघाले होते. सासूबाईंनी त्याला झटकन उचलले, म्हणून निभावले. ताजा रस म्हणजे साबण नव्हे. त्यात कॉस्टिक सोडा अजून जिवंत असतो. तो कातडी भाजतो. डोळ्यात गेला तर डोळासुद्धा जाऊ शकतो.

पेटीत जो साबण उरला तो निघेना. पटाशी घातली तर त्याचे तुकडे झाले. तेलाचे पैसे पाण्यात गेले. शेवटी ती पेटी घेऊन मी सुतारकाकांकडे गेले. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"ताई, ही पेटी झाली. साचा न्हवं."

"काका, फरक काय दोन्हीत?"

"पेटी बंद राहाया पायजे, साचा उघडाया पायजे. तुम्ही चारी बाजू ठोकून टाकल्या. आता साबणानं बाहेर यायचं कुठून? आन् लाकूड बी ओलं. वाळलं की फट पडणारच."

मग त्यांनी जो साचा करून दिला, तो असा आहे.

लाकूड पुरते वाळलेले घ्यावे. सागवानच हवे असे नाही. जुन्या खोक्याची सरळ फळीही चालते. फळी २ सेंटीमीटर जाड, १२ सेंटीमीटर रुंद आणि सव्वा मीटर लांब असली की पुरे. तिचे पाच तुकडे होतात. तळाला एक तुकडा, ३४ सेंटीमीटर लांब व १२ रुंद. लांब बाजूंना दोन तुकडे, ३४ लांब व ८ उंच. टोकांना दोन तुकडे, ८ रुंद व ८ उंच. आतल्या अंगाला रंधा मारावा आणि कोपरे गुण्या लावून पाहावेत. कोपरा तिरका तर वडी तिरकी.

दोन्ही टोके तळाच्या फळीवर उभी करून खालून स्क्रूने बसवा. एक लांब बाजूही स्क्रूने पक्की करा. दुसरी लांब बाजू मात्र ठोकायची नाही! ती नुसती टेकवून ठेवायची. मग साच्याभोवती मजबूत दोरीचे दोन वेढे घट्ट बांधा, एक खाली, एक वर. सुट्या बाजूच्या मधोमध, दोरी आणि फळी यांच्यामध्ये लाकडाची पाचर ठोका. दोरी ताणली जाते आणि फळी आत दाबून बसते. साबण काढताना पाचर उपटली की दोरी सैल, आणि बाजू हातात. काकांची ही युक्ती मला फार आवडली. त्यात बिजागरी नाही, कडी नाही, गंजण्यासारखे काही नाही.

आता थोडे गणित. साचा आतून ३० सेंटीमीटर लांब, ८ रुंद, ८ उंच आहे. ३० गुणिले ८ गुणिले ८ म्हणजे १९२० घन सेंटीमीटर. म्हणजे यात जवळजवळ दोन लिटर मावते. आपला रस साधारण दीड लिटर होतो. तो सव्वासहा सेंटीमीटरपर्यंत चढतो. वर पावणेदोन सेंटीमीटर जागा राहते. ती राहू द्या. काठोकाठ भरलेला साचा उचलताना हिंदकळतो.

नुसत्या लाकडात रस ओतू नका. आत जाड प्लास्टिकचा कागद पसरा, ५० सेंटीमीटर लांब व २८ रुंद. तो अखंड हवा. कोपऱ्यात कापू नका, पाकिटासारखी घडी घाला. आम्ही पहिल्या वेळी हा कागद घातला असता तर ओसरी वाचली असती.

या साच्याचे माप असे: खोबरेल अर्धा किलो, शेंगदाण्याचे तेल अर्धा किलो, कॉस्टिक सोडा १५० ग्रॅम, पाणी ३३० ग्रॅम. सगळे काट्यावर तोलून घ्या. वाटीने मोजू नका. तेल बदलले तर सोड्याचे मापही बदलते, म्हणून हे माप दुसऱ्या तेलाला लावू नका. दुकानात पाकिटावरचे नाव स्वतः वाचा. धुण्याचा सोडा वेगळा, खाण्याचा सोडा वेगळा. त्यांनी हा साबण होत नाही.

ॲल्युमिनियमचे पातेले मुळीच नको. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. स्टीलचे भांडे घ्या. रबरी मोजे घाला, डोळ्यांना चश्मा लावा, मुलांना शेजारी पाठवा. अंगणात बसा, कारण वाफ घशाला लागते. सोडा पाण्यात थोडा थोडा टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते. पाणी आपोआप कढत होते. ते कोमट होऊ द्या. मग कोमट तेलात ते धारेने सोडा आणि लाकडी डावाने ढवळत राहा. हात दुखतो, वेळ लागतो. एकीने दमावे, दुसरीने धरावे. रस दाट कढीसारखा झाला आणि डावातून पडलेली धार वर रेघ होऊन राहिली, की साच्यात ओता.

अंगावर थेंब उडाला तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहा. डोळ्यात गेला तर पाणी मारत मारतच दवाखाना गाठा. कोणी गिळला तर उलटी करवू नका, तसेच दवाखान्यात न्या.

साच्यावर फळी आणि गोधडी टाका. लाकूड ऊब धरून ठेवते, म्हणून साबण आतबाहेर सारखा बसतो. साचा मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. एक दिवसाने दाबून पाहा. मऊ लागला तर आणखी एक दिवस थांबा. मग पाचर काढा, बाजू काढा, कागद सोडवा. मोजे घालूनच. पातळ तारेने अडीच अडीच सेंटीमीटरवर कापा. बारा वड्या होतात. ताजी वडी साधारण १२० ग्रॅम भरते, वाळल्यावर थोडी घटते. वड्या सुट्या सुट्या मांडून चार आठवडे सावलीत वाऱ्यावर ठेवा.

साचा ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. उन्हात ठेवला तर फळी वाकते. सुटी बाजू पुन्हा दोरीने बांधून ठेवा. आमच्याकडे ती एकदा चुलीत जायची राहिली. आता तिच्यावर खडूने लिहून ठेवले आहे: "जळण नव्हे".