अबोल वाणी : उच्चारापूर्वीचे बोलणे

वाणी म्हणजे ध्वनी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. जो बोलतो त्याला कळते आणि जो बोलत नाही त्याला कळत नाही, हा निष्कर्षही आपण त्याच समजुतीतून सहज काढतो. पक्षाघाताने वाचा गेलेल्या आजोबांसमोरच घरातील माणसे "त्यांना आता काही कळत नाही" असे म्हणतात. वर्गात तोंड न उघडणारे मूल मंद ठरवले जाते. गेल्या दीडशे वर्षांतील संशोधन मात्र निराळेच सांगते. बोलणे, समजणे आणि विचार करणे ही परस्परांत गुंफलेली, तरीही वेगवेगळी कार्ये आहेत. त्यांपैकी एक थांबले म्हणून बाकीची थांबतातच असे नाही. हीच गोष्ट प्रस्तुत लेखात आम्ही उलगडून पाहणार आहोत.

एका रुग्णाने दिलेले उत्तर

१८६१ साली पॅरिसजवळील बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने लबॉर्न्य नावाच्या रुग्णाची तपासणी केली. त्याला 'ताँ' एवढाच उच्चार करता येई. कोणत्याही प्रश्नाला तो 'ताँ ताँ' म्हणे. येथे किती वर्षे आहेस, असे विचारताच त्याने हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवले. एकवीस वर्षे! उत्तर अचूक होते. रुग्णाच्या मृत्यूनंतर ब्रोकाला त्याच्या मेंदूच्या डाव्या अग्रभागात इजा आढळली. पुढे १८७४ साली कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकार नोंदवला. ते रुग्ण भराभर बोलत, पण त्यांच्या बोलण्याला अर्थ नसे आणि इतरांचे बोलणेही त्यांना उमगत नसे. बोलणे आणि समजणे यांसाठी मेंदूत एकच एक जागा नाही, हे यावरून दिसले.

उच्चार आणि आकलन

फुफ्फुसांतून येणारी हवा स्वरयंत्रातील स्वरतंतूंना कंपित करते आणि जीभ, टाळू, दात व ओठ त्या कंपनाला आकार देतात. आपली वर्णमाला म्हणजे या हालचालींचा नकाशाच आहे. क-वर्ग कंठातून, च-वर्ग टाळूपाशी, ट-वर्ग मूर्ध्यापाशी, त-वर्ग दातांपाशी, प-वर्ग ओठांपाशी. पालीतही हाच क्रम आहे.

परंतु वाहत्या बोलण्यात ही अक्षरे सुटी राहत नाहीत. वाचकांनी 'ती' आणि 'तू' असे सावकाश म्हणून पाहावे. 'तू' म्हणताना 'त'चा उच्चार होण्याआधीच ओठ गोलाकार होऊ लागतात. पुढच्या स्वराची तयारी आधीच्या व्यंजनात मिसळलेली असते.

या मिसळण्याचे महत्त्व एका अपयशातून कळले. १९४० च्या दशकात अमेरिकेतील हॅस्किन्स प्रयोगशाळेत ॲल्विन लिबरमन आणि त्यांचे सहकारी अंधांसाठी वाचनयंत्र तयार करत होते. छापील अक्षरांऐवजी यंत्राने निरनिराळे नाद ऐकवायचे, अशी ती योजना होती. पण पुष्कळ सराव करूनही ऐकणाऱ्यांची गती फारशी वाढेना. बोलणे मात्र आपण सेकंदाला दहा-पंधरा ध्वनी इतक्या वेगाने सहज समजतो. कारण बोलण्यातले ध्वनी एकामागून एक ओवलेले मणी नसून एकमेकांत विणलेले धागे असतात. यावरून लिबरमन यांनी असा सिद्धांत मांडला की, ऐकणारा केवळ ध्वनी टिपत नाही, तर त्यामागील मुखाच्या हालचाली ओळखतो.

१९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग याला जवळचा वाटतो. कानांवर 'बा' आणि पडद्यावरच्या ओठांवर 'गा' असेल, तर अनेकांना 'दा' ऐकू येते. म्हणजे ऐकण्यात डोळ्यांचाही वाटा असतो. तथापि, ऐकून समजण्यासाठी स्वतःला बोलता आलेच पाहिजे, असे नाही. १९६२ साली एरिक लेनेबर्ग यांनी आठ वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला जन्मापासून शब्दोच्चार करता येत नव्हता, तरीही भाषा त्याला उत्तम समजत होती.

मनातले बोलणे

मज्झिम निकायातील चूळवेदल्ल सुत्तात थेरी धम्मदिन्ना यांनी वितक्क आणि विचार यांना वाचेचे संस्कार म्हटले आहे. बोल फुटण्याआधी मनात योजणे आणि तोलणे घडते, असा त्याचा आशय. उच्चारापूर्वीच्या या टप्प्याचा शोध विसाव्या शतकात प्रयोगशाळांतही सुरू झाला. विचार म्हणजे स्वरयंत्राच्या सूक्ष्म हालचालीच, असे जॉन वॉटसन हे मानसशास्त्रज्ञ मानत. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या एका धाडसी प्रयोगात एका डॉक्टरने क्युरारी या औषधाने स्वतःचे सर्व स्नायू तात्पुरते लुळे करवून घेतले. श्वास यंत्राने चालवला जात होता. त्या अवस्थेतही आपण पूर्ण शुद्धीत होतो व विचार करू शकत होतो, असे त्याने नंतर सांगितले. स्नायू थांबले, विचार थांबला नाही.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांच्या मते लहान मूल आधी स्वतःशी मोठ्याने बोलते आणि तेच बोलणे हळूहळू आत वळून मनातली भाषा बनते. म्हणून गणित सोडवताना पुटपुटणाऱ्या मुलाला आपण दटावू नये, असे आम्हाला वाटते. ते मूल विचारच करत असते.

मौन वाचणारी यंत्रे

मनात शब्द म्हणताना अनेकदा जीभ व गळ्याच्या स्नायूंना क्षीण विद्युत संकेत पोहोचतात. २००४ साली 'नासा'च्या एम्स केंद्रातील चक जॉर्गेनसन यांनी हनुवटीखाली आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना संवेदक लावून सहा शब्द व दहा अंक ओळखून दाखवले. अचूकता सरासरी ९२ टक्के होती. २०१८ मध्ये 'एमआयटी'त अर्णव कपूर व पॅटी मेस यांनी जबड्याभोवती लावायचे असे उपकरण सादर केले.

स्नायूच निकामी झालेल्यांसाठी मात्र मेंदूपर्यंत जावे लागते. २०२१ साली सॅन फ्रान्सिस्को येथे एडवर्ड चँग यांच्या गटाने पंधरा वर्षांहून अधिक काळ वाचा गमावलेल्या पुरुषाच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवले आणि पन्नास शब्दांतून त्याची वाक्ये पडद्यावर उमटवली. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने मिनिटाला ६२, तर चँग यांच्या गटाने ७८ शब्दांपर्यंत मजल मारली. मराठीसाठी असे यंत्र घडवायचे तर 'शाळा, शाळेत, शाळेतून, शाळेतल्या' अशी एकाच शब्दाची अनेक रूपे त्याला ओळखावी लागतील.

येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. बोलण्याचा प्रयत्न ओळखणे वेगळे आणि मनातल्या मनात म्हटलेले ओळखणे वेगळे. २०२५ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दुसरी गोष्टही काही प्रमाणात शक्य असल्याचे दाखवले. म्हणून त्यांनी एक कुलूपही योजले. वापरणाऱ्याने ठरलेला सांकेतिक शब्दसमूह मनात म्हटल्याशिवाय यंत्र मनातले बोल वाचणार नाही. वाचा परत मिळण्याचा हक्क जितका मोलाचा, तितकाच न बोललेले स्वतःजवळ ठेवण्याचा हक्कही मोलाचा आहे.

आपल्यासाठी बोध

ही यंत्रे आपल्या घरी येण्यास अवकाश आहे. पण त्यांच्यामागील ज्ञान आजच वापरता येते. वाचा गेलेल्या माणसाशी थेट, सावकाश, एका वेळी एकच प्रश्न विचारून बोलावे. 'हो-नाही'चा संकेत ठरवावा, अक्षरांचा किंवा चित्रांचा तक्ता समोर धरावा, आणि उत्तराला पुरेसा वेळ द्यावा. वाचा-श्रवण तज्ज्ञांचा सल्ला लवकर घ्यावा. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच क्षेत्रात कार्यरत आहे. वसतिगृहात नव्याने आलेले मूल अबोल असेल, तर आधी त्याला चित्रातून, लेखनातून, खुणेतून व्यक्त होऊ द्यावे. त्याच्या मौनावरून त्याच्या बुद्धीचे माप काढू नये.

लबॉर्न्यजवळ एकच उच्चार होता. त्याला प्रश्न विचारणारा आणि उत्तराची वाट पाहणारा कोणीतरी भेटला, म्हणून त्याची एकवीस वर्षे जगाला कळली.