उन्हाळा आणि हवेने थंड होणारे मोटारसायकल इंजिन

ग्रामीण भागातील सार्वजनिक कामाचा फार मोठा भार आज मोटारसायकल वाहत आहे. दूरच्या वस्तीशाळेवर जाणारे शिक्षक, दोन-तीन गावांचा कारभार पाहणारे ग्रामपंचायत अधिकारी, पशुवैद्यकीय कर्मचारी, विजेच्या तारा दुरुस्त करणारे लाईनमन या सर्वांची भिस्त या वाहनावरच असते. विदर्भ व मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंश सेल्सिअसला सहज पोहोचतो. चंद्रपूर, अकोला, नागपूर या परिसरात तो कित्येकदा त्याही पुढे जातो. पाणीटंचाईची पाहणी, टँकरच्या फेऱ्यांवरील देखरेख ही कामे नेमकी याच दिवसांत येतात. लसीकरणही थांबत नाही. बहुतेक लसी २ ते ८ अंशांत राखाव्या लागतात. त्या नेणारी दुचाकी भर दुपारी माळरानावर बंद पडली, तर प्रश्न केवळ वाहनदुरुस्तीचा राहत नाही.

ग्रामीण रस्त्यांवरील बहुसंख्य मोटारसायकलींचे इंजिन हवेने थंड होणारे असते. त्यात पाणी नाही, रेडिएटर नाही आणि म्हणून बिघडण्यासारखे भागही थोडे. ही या रचनेची मोठी सोय होय. मात्र तिची मर्यादा काय आहे, हे वाहन चालविणाऱ्याने समजून घेतले पाहिजे.

उष्णता येते कोठून आणि जाते कोठे

पेट्रोलच्या ज्वलनातून मिळणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे चतुर्थांश भागच चाक फिरविण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता काही धुरावाटे व काही इंजिनाच्या अंगातून बाहेर जाते. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधील वायूचे तापमान २,००० अंशांहून अधिक होते. ज्या धातूचा दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, तेथे काम करीत असतो ते अॅल्युमिनियम शुद्ध स्वरूपात ६६० अंशांनाच वितळते. तरीही पिस्टन वर्षानुवर्षे टिकतो, याचे कारण त्यातील उष्णता प्रत्येक क्षणी काढून घेतली जाते. ती पिस्टनच्या कड्यांतून सिलिंडरच्या भिंतीत, भिंतीतून बाहेरच्या पातळ पट्ट्यांत आणि पट्ट्यांतून वाऱ्यात जाते. या पट्ट्यांना कारागीर ‘फिन’ म्हणतात. त्या शोभेसाठी नसून हवेला भिडणारे क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढविण्यासाठी असतात.

पट्ट्यांकडून हवेकडे किती उष्णता जाईल, हे दोहोंच्या तापमानातील फरकावर आणि हवेच्या वेगावर अवलंबून असते. समजा, पट्टीचे तापमान १५० अंश आहे. हवा २५ अंशांची असताना हा फरक १२५ अंशांचा, तर हवा ४५ अंशांची असताना १०५ अंशांचा असतो. म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता सुमारे १६ टक्क्यांनी घटली. तेवढीच उष्णता बाहेर टाकण्यासाठी इंजिन वीसेक अंश अधिक तापते आणि तेथे स्थिरावते. चांगल्या स्थितीतील इंजिनाला हा भार पेलवतो. तेव्हा ‘ऊन फार, म्हणून गाडी तापली’ हे नेहमीचे स्पष्टीकरण अर्धेच खरे आहे. तापमानातील फरक १६ टक्क्यांनी घटतो, पण उभ्या गाडीवरील वारा जवळजवळ पूर्णच नाहीसा होतो. इंजिनाचा खरा घात तेथे होतो.

रेल्वे फाटकापाशी पंधरा मिनिटे चालू ठेवलेली गाडी, लग्नाच्या किंवा प्रचाराच्या मिरवणुकीत पहिल्या गिअरमध्ये दोन तास रांगणारी गाडी आणि तिघे बसवून, वर धान्याचे पोते घेऊन घाट चढणारी गाडी, ही तिन्ही उदाहरणे एकाच जातीची होत. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढताना वारा पाठीमागून असेल, तर गाडीचा वेग आणि वाऱ्याचा वेग जुळून इंजिनाभोवतीची हवा जणू थबकते. चालकाला गार वाटते. इंजिनाला मात्र तीच सर्वांत वाईट घटका असते. अशा वेळी उंच गिअरमध्ये इंजिन दमवत नेण्याऐवजी एक गिअर खाली घ्यावा, ओझे कमी करावे आणि वाटेत एकदा सावलीत थांबावे. दोन-तीन मिनिटांहून अधिक थांबायचे असल्यास इंजिन बंद करणेच इष्ट. चढ संपताच मात्र गाडी लगेच बंद करू नये. शेवटचा एखादा किलोमीटर सावकाश चालवून वाऱ्याला आपले काम करू द्यावे.

या बाबतीत स्कूटरची रचना वेगळी आहे. १९७२ साली पुण्याजवळ आकुर्डी येथे तयार होऊ लागलेल्या बजाज चेतकचे इंजिन बाजूच्या झाकणाआड दडलेले असे. त्याला समोरचा वारा लागत नसे. म्हणून चक्रावर पंखा बसवून सिलिंडरवरील पत्र्याच्या आवरणातून हवा खेळविली जाई. गाडी उभी असली तरी पंखा फिरत राही. ‘मोकळी हवा लागेल’ या समजुतीने कित्येक जण हे आवरणच काढून टाकीत आणि इंजिन अधिक तापवून घेत. हवा नुसती असून भागत नाही, तिला पट्ट्यांमधून जाणारी वाट लागते.

ही वाट मोटारसायकलवरही बंद होते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पट्ट्यांत बसतो, वाळतो आणि तेलाच्या ओघळाशी मिळून त्याचा कठीण थर बनतो. हा थर उष्णता अडवितो. इंजिन पूर्ण थंड असताना घासणी व रॉकेल वा साबणाच्या पाण्याने तो काढावा. पायांवर चिखल उडू नये म्हणून लेगगार्डला रेक्झिन बांधण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. पावसाळ्यापुरती ती ठीक. मार्चमध्ये ते रेक्झिन सोडलेच पाहिजे. पट्ट्यांवर चकाकणाऱ्या रंगाचे जाड हातही देऊ नयेत. जुन्या बुलेटचे सिलिंडर बिडाचे असे. बिडातून उष्णता अॅल्युमिनियमच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच वाहते. म्हणून अशा गाड्यांच्या बाबतीत ही स्वच्छता अधिकच महत्त्वाची.

अॅव्हरेजचा मोह

उन्हाळ्यातील बिघाडांचे एक मोठे मूळ मात्र उन्हात नसून पेट्रोल वाचविण्याच्या हौसेत आहे. ‘अॅव्हरेज वाढवून द्या’ ही गॅरेजमध्ये नित्य ऐकू येणारी मागणी. कारागीर कार्ब्युरेटरची सुई एक खाच खाली उतरवितो किंवा लहान जेट बसवितो. त्यामुळे हवेच्या प्रमाणात पेट्रोल कमी पडते. लिटरमागे चार-दोन किलोमीटर वाढल्याचे समाधान मिळते. पण पेट्रोलच्या वाफेमुळे आत मिळणारा गारवाही कमी होतो आणि ज्वलन लांबून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतो. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधील रबरी जोड तडकला, तरी नेमके हेच घडते. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातील बारीक छिद्र धुळीने बुजल्यास पेट्रोल खाली उतरत नाही आणि परिणाम पुन्हा तोच होतो. हे छिद्र टाचणीने मोकळे करण्यास एक पैसाही लागत नाही.

यात अलीकडे आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो. त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण आणखी पातळ होते. इथेनॉल वाफ होताना अधिक उष्णता शोषून घेते, ही जमेची बाजूही सांगितली पाहिजे. तथापि जी गाडी अॅव्हरेजसाठी आधीच पेट्रोलला कसलेली आहे, तिच्यात दोन उणिवा एकत्र येतात. अशा गाडीची सुई मूळ खाचेवर आणणे आणि रबरी नळ्या तपासणे अगत्याचे आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ निकषांनुसार बनलेल्या गाड्यांत पेट्रोल प्रायः इंजेक्शनने दिले जाते आणि मिश्रण संवेदक सांभाळतात; तेथे ही हातचलाखी चालत नाही, हे बरेच झाले.

मिश्रणाची परीक्षा प्लगवरून होते. प्लगचे टोक फिकट तपकिरी असल्यास ज्वलन योग्य, काजळी धरलेले काळे असल्यास पेट्रोल अधिक आणि पांढरे, फोड आल्यासारखे असल्यास इंजिन अति तापत आहे, असे समजावे.

तेल आणि व्हॉल्व्ह

इंजिन तेल केवळ वंगण नव्हे. पिस्टनच्या खालच्या अंगाची उष्णता तेच वाहून नेते. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत ते साधारण एक लिटरच असते. त्यातील पाव लिटर जळून गेले, तर उरलेल्या तेलावर किती ताण येत असेल! गाडी सपाट जमिनीवर सरळ उभी करून आठवड्यातून एकदा पातळी पाहावी. तेल उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच घालावे. अनेक जुन्या गाड्यांना २०डब्ल्यू-४० अथवा २०डब्ल्यू-५०, तर नव्यांना बहुधा १०डब्ल्यू-३० सांगितलेले असते. मोटारीसाठीचे तेल स्वस्त मिळाले तरी घालू नये. मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि तो घसरू लागल्यास उष्णतेत नवी भर पडते. डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण पाहून घ्यावी.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः बैठकीला टेकलेला असताना देतो. टॅपेटचे अंतर कमी झाले, तर तो पुरता टेकत नाही, तापतो आणि अखेर जळतो. टॅपेटचा आवाज मुळीच येऊ नये, असा आग्रह धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. हे अंतर थंड इंजिनावरच मोजावयाचे असते. कमी हवेचे टायर, चिकटून राहणारा ब्रेक आणि फाजील ताणलेली साखळी यांचेही ओझे शेवटी इंजिनावरच येते.

इंजिन पकडते तेव्हा

अति तापल्यावर पिस्टन सिलिंडरपेक्षा अधिक फुगतो आणि आत घट्ट बसतो. यास ‘इंजिन पकडणे’ किंवा ‘जाम होणे’ म्हणतात. पूर्वसूचना मिळते: अॅक्सिलरेटर तेवढाच असून गाडी ओढत नाही, चढावर टकटक असा धातूचा आवाज येतो, गरम तेलाचा वास सुटतो. त्या क्षणी अॅक्सिलरेटर सोडून थांबावे. पकड एकाएकी आली, तर मागचे चाक जागीच अडते आणि गाडी घसरून चालक पडू शकतो. म्हणून बोटे तत्काळ क्लचवर गेली पाहिजेत. क्लच दाबताच चाक मोकळे होते व गाडी कडेला घेता येते.

तापलेल्या इंजिनावर पाणी ओतणे हा सर्वांत घातक उपाय होय. एका अंगाने अकस्मात आकसलेल्या धातूला तडा जातो. गाडी सावलीत, पण वाळल्या गवतापासून दूर उभी करावी. तापलेल्या सायलेन्सरने गवत पेटते. अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा, नंतर तेलाची पातळी पाहावी आणि किक हाताने हलकेच दाबून पाहावी. किक सहज फिरली, तर सावकाश जवळचे गाव गाठावे. अडली, तर जोर लावू नये. इंजिन पुन्हा सुरू झाले तरी पिस्टनवर ओरखडे उठलेले असू शकतात. गॅरेजमध्ये केवळ ‘गाडी बंद पडली होती’ असे न सांगता ती तापून पकडली होती, हे कारागिरास स्पष्ट सांगावे, म्हणजे तो प्लग बदलून न थांबता सिलिंडर उघडून पाहील.