चिबीची गोष्ट

(तारो याशिमा हे मूळचे जपानी चित्रकार व लेखक. 'क्रो बॉय' हे त्यांचे चित्रपुस्तक १९५५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. १९५६ साली त्याला 'कॅल्डेकॉट ऑनर' हा सन्मान मिळाला. चिडवणे आणि माया यांविषयी लहान मुलांशी चित्रपुस्तकातून कसे बोलता येते, ते या पाठात सांगितले आहे.)

"कोणाला चिडवू नये," असे आपण लहान मुलांना नेहमी सांगतो. मुले मान डोलावतात आणि खेळायला पळतात. थोड्याच वेळात तीच मुले एखाद्याला 'ढ' म्हणून हाक मारतात. ती वाईट असतात असे नाही. समोरच्याला काय वाटले, हे त्यांना दिसलेले नसते. चित्रपुस्तक तेच दाखवते.

ही जपानमधील एका खेड्यातील शाळेची गोष्ट आहे. पहिल्याच दिवशी एक मुलगा दिसेनासा होतो. शेवटी तो शाळेखालच्या अंधाऱ्या जागेत लपलेला सापडतो. तो अंगाने लहानखुरा असतो, म्हणून मुले त्याला 'चिबी' म्हणतात. चिबी म्हणजे चिमुकला.

चिबीला गुरुजींची भीती वाटते, मुलांचीही भीती वाटते. अभ्यासाच्या वेळी तो एकटा, खेळाच्या वेळीही एकटा. नको ते दिसू नये म्हणून तो डोळे तिरळे करायला शिकतो. कधी छताकडे, कधी बाकाच्या लाकडाकडे, तर कधी एखाद्या मुलाच्या खांद्यावरील ठिगळाकडे तो पाहत राहतो. मोठी मुले त्याला मूर्ख म्हणतात, लहान मुलेही म्हणतात. तरी चिबी रोज शाळेत येतो. डब्याऐवजी त्याच्याजवळ मुळ्याच्या पानात गुंडाळलेला भाताचा गोळा असतो.

लहान भावंडाला हे पुस्तक दाखवताना येथे थांबावे. पान लगेच उलटू नये. "चिबी कोठे पाहतो आहे? त्याच्याशी कोणीच का खेळत नाही?" असे विचारावे. उत्तर शोधता शोधता मूल चिबीच्या जागी जाऊन बसते. उपदेशाने हे होत नाही.

सहावीच्या वर्गाला इसोबे नावाचे नवे गुरुजी येतात. ते मुलांना शाळेमागच्या टेकडीवर नेतात. रानद्राक्षे कोठे मिळतात, हे चिबीला ठाऊक असते. गुरुजींना त्याचे कौतुक वाटते. ते त्याची चित्रे भिंतीवर लावतात. आजूबाजूला कोणी नसताना त्याच्याशी बोलत बसतात.

वर्षाच्या शेवटी शाळेत कार्यक्रम होतो. चिबी मंचावर येतो, तेव्हा सर्वांना नवल वाटते. हा काय करणार? चिबी कावळ्यांचे आवाज काढतो. नुकत्याच जन्मलेल्या पिलांचा आवाज, आईचा, बापाचा, पहाटेचा, आनंदाचा आणि गावावर दुःख आले म्हणजे होणारा आवाज! मग गुरुजी सांगतात, की चिबी दूर डोंगरात राहतो. सूर्य उगवताना तो घरून निघतो आणि सूर्य मावळताना घरी पोहोचतो. सहा वर्षे तो असाच चालत आला आहे. या वाटेवरच तो कावळ्यांची भाषा शिकला. हे ऐकून मुलांना रडू येते. सहा वर्षांत एकही दिवस न चुकवल्याबद्दल चिबीचा सत्कार होतो. असा तो एकटाच असतो.

या पुस्तकाची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते चिबीने सांगितलेले नाही. त्याच्या वर्गातील मूल 'आम्ही' म्हणून ते सांगते. आपले चुकले, हे कबूल करायला धैर्य लागते.

मग चिबीला कावळ्यांचे आवाज काढता आले नसते, तर? तर त्याला चिडवणे योग्य ठरले असते का? इसोबे गुरुजींकडे पाहा. टाळ्या पडण्याच्या कितीतरी आधी ते त्याच्याजवळ बसले होते. आपल्या वर्गातही कोणी एकटे बसत असेल. त्याच्याजवळ जाऊन बसायला कार्यक्रमाची वाट कशाला पाहायची?

शब्दार्थ
माया – प्रेम, ममता
लहानखुरा – छोट्या बांध्याचा
ठिगळ – फाटक्या कपड्याला लावलेला तुकडा
उपदेश – नसीहत
सत्कार – सन्मान
धैर्य – हिंमत

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पहिल्या दिवशी चिबी कोठे लपला होता?
(आ) चिबी कावळ्यांची भाषा कोठे शिकला?
२. इसोबे गुरुजींनी चिबीसाठी काय काय केले? चार-पाच वाक्यांत लिहा.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : अंधार, दूर, आनंद, उगवणे.
४. उपक्रम : एक चित्रपुस्तक निवडा. घरातील लहान मुलाला ते दाखवा. त्याला कोणते प्रश्न विचारले, ते वर्गात सांगा.