उपचाराचा गुण किती, किंमत किती

ॲस्पिरिन ही औषधाच्या दुकानातल्या सर्वांत स्वस्त गोळ्यांपैकी एक. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला ती वेळेवर मिळाली, तर त्याचा जीव वाचण्याची शक्यता वाढते. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-2’ या चाचणीत 17,187 रुग्णांवर हे तपासले गेले. झटका आल्याच्या संशयावरून दाखल झालेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना महिनाभर ॲस्पिरिन मिळाली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने पहिल्या गटातले 9.4 टक्के दगावले, दुसऱ्या गटातले 11.8 टक्के. हजार रुग्णांमागे सुमारे 24 जीव वाचले, तेही अगदी थोड्या पैशांत.

हीच गोळी सत्तरी ओलांडलेल्या, पण हृदयविकार किंवा पक्षाघात कधीच न झालेल्या माणसाने रोज घेतली तर काय होते, हे ‘ॲस्प्री’ या चाचणीने तपासले. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या 19,114 ज्येष्ठांवर झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. गंभीर रक्तस्राव मात्र ॲस्पिरिन घेणाऱ्यांत दर हजारी दरवर्षी 8.6 जणांना झाला, न घेणाऱ्यांत 6.2 जणांना. ‘रक्त पातळ राहिलेले बरे’ म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ही गोळी सुरू करणारे ज्येष्ठ आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या वाट्याला फायदा जवळजवळ नाही आणि जठरातून किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मात्र येतो.

गोळी तीच, पण एका माणसाला ती जीवदान देते आणि दुसऱ्याला इजा करते. म्हणून ‘हे औषध चांगले आहे का’ हा प्रश्न अपुरा ठरतो. कोणत्या रुग्णासाठी, कशाच्या तुलनेत, किती काळात, शंभरातल्या किती जणांसाठी, एवढे जोडल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. हे उत्तर एकट्या डॉक्टरच्या अनुभवातून मिळणे अवघड असते. बरेच आजार आपोआप चढतात आणि उतरतात. माणूस दवाखान्यात येतो तो बहुधा त्रास सर्वाधिक असताना, त्यामुळे पुढच्या आठवड्यात थोडे बरे वाटणे ओघानेच येते आणि श्रेय शेवटी घेतलेल्या औषधाला जाते. ज्यांना गुण आला ते पेढे घेऊन परत येतात. ज्यांना आला नाही ते दुसरा डॉक्टर गाठतात आणि पहिल्याला कळतही नाही. म्हणूनच संशोधनात रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कोणाच्याही पसंतीविना केली जाते. दोन्ही गट वयाने, आजाराने, परिस्थितीने सारखे निघाले की शेवटी उरलेला फरक उपचाराचा मानता येतो.

तर्काला पटणारा उपचारही अशा कसोटीवर कसा कोसळतो, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण 1980च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत घडले. झटक्यातून वाचलेल्या ज्या रुग्णांच्या हृदयाचे ठोके अधूनमधून अनियमित पडतात, ते अचानक दगावण्याची शक्यता जास्त असते, हे माहीत होते. ठोके नियमित करणारी औषधेही होती आणि ईसीजीवर त्यांचा परिणाम स्पष्ट दिसत होता. मग ती दिल्याने मृत्यू टळणारच, असे मानून ती हजारो रुग्णांना दिली जात होती. ‘कास्ट’ या चाचणीत एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांची तुलना निष्क्रिय गोळीशी झाली. औषध घेणाऱ्या 755 जणांपैकी 63 दगावले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या 743 जणांपैकी 26. ईसीजी सुधारत होता आणि माणसे मरत होती. तपासणीच्या कागदावरचा आकडा सुधारणे आणि माणूस जास्त जगणे किंवा त्याचा त्रास कमी होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साखर, कोलेस्टेरॉल, हाडांची घनता यांचे आकडे उपयोगाचे असतात, पण एखाद्या औषधाने तो आकडा सुधारला एवढ्यावर त्या औषधाचे मोल ठरत नाही.

जाहिरातीत आणि बातमीत फायदा-तोटा बहुतेक वेळा टक्क्यांत येतो आणि तिथेच गफलत होते. 2002 साली अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतर दिल्या जाणाऱ्या हार्मोन गोळ्यांची एक मोठी चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. 16,608 स्त्रियांच्या या अभ्यासात दोन हार्मोनची एकत्र गोळी घेणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण 26 टक्क्यांनी वाढलेले दिसले. जगभर हाच आकडा गाजला आणि असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. प्रत्यक्ष मोजणी अशी होती: दहा हजार स्त्रियांमध्ये दरवर्षी गोळी न घेणाऱ्यांत 30 जणींना हा कर्करोग झाला, घेणाऱ्यांत 38 जणींना. त्याच दहा हजारांत पक्षाघात 21 वरून 29 वर गेला, तर खुब्याचे अस्थिभंग 15 वरून 10 वर आले. धोका खरा होता आणि तो लपवण्यासारखा नव्हता. पण दहा हजारांत आठ हे कळल्यावर तीव्र त्रासाने झोप उडालेली पन्नाशीची स्त्री एक निर्णय घेईल आणि काहीच त्रास नसलेली पासष्टीची स्त्री दुसरा. शिवाय त्या चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते. नुकतीच पाळी थांबलेल्या स्त्रियांना तोच हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही, हे नंतरच्या विश्लेषणांतून स्पष्ट झाले.

फायदा-तोट्याचा प्रश्न महाराष्ट्रातल्या कुटुंबांसमोर सर्वांत जास्त ठळकपणे उभा राहतो तो हृदयाच्या ‘ब्लॉकेज’च्या निमित्ताने. अँजिओग्राफीच्या पडद्यावर अरुंद झालेली रक्तवाहिनी दिसते, ‘सत्तर टक्के ब्लॉक’ हे शब्द कानांवर पडतात आणि तासाभरात स्टेंटचा, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी बसवण्याचा, निर्णय घ्यायला सांगितले जाते. इथे दोन परिस्थिती अगदी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. झटका आलेला असेल, म्हणजे रक्तवाहिनी गुठळीने अचानक बंद पडून हृदयाचा स्नायू मरत असेल, तर वेळ न दवडता केलेली अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने वाहिनी उघडून बहुधा स्टेंट बसवणे, जीव वाचवते. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनशी तिची तुलना करणाऱ्या 23 चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात, 2003 साली, पहिल्या काही आठवड्यांतले मृत्यू 9 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आलेले दिसले. अशा वेळी घरच्यांनी चर्चेत वेळ घालवू नये.

दुसरी परिस्थिती संथ असते. जिना चढताना, भरभर चालताना छातीत आवळल्यासारखे होते, थांबले की दोन-चार मिनिटांत बरे वाटते आणि महिनोन्महिने हे असेच चालते. याला स्थिर अंजायना म्हणतात. अरुंद वाहिनी रुंद केली की पुढचा झटका टळेल, हा विचार इतका सरळ वाटतो की त्यावर शंका घेणेच विचित्र वाटावे. 2007 मध्ये ‘करेज’ चाचणीत 2,287 रुग्णांवर तो तपासला गेला. सर्वांना उत्तम औषधोपचार दिला आणि निम्म्यांना त्यासोबत अँजिओप्लास्टीही केली. सरासरी साडेचार वर्षांनी मृत्यू किंवा झटका यांचे प्रमाण स्टेंटच्या गटात 19 टक्के होते, केवळ औषधांच्या गटात 18.5. तरीही शंका उरली की आजार जास्त असलेल्यांना फायदा होत असेल. त्यासाठी 37 देशांत, भारतातल्या रुग्णालयांसह, ‘इस्केमिया’ ही चाचणी झाली. मध्यम ते तीव्र प्रमाणात रक्तपुरवठा कमी असलेले 5,179 रुग्ण त्यात होते. 2020 मध्ये निकाल आला तेव्हा स्टेंट किंवा बायपासच्या मार्गाने गेलेल्या गटात 145 मृत्यू होते आणि आधी औषधे देऊन पाहिलेल्या गटात 144.

असे का होते, याचे कारण आजाराच्या घडणीत आहे. झटका पुष्कळदा सर्वांत अरुंद जागी येत नाही. वाहिनीच्या भिंतीत साठलेला मऊ, चरबीयुक्त थर फुटतो, त्यावर गुठळी जमते आणि वाट बंद होते. असे थर फारशा अरुंद नसलेल्या ठिकाणीही असतात. स्टेंट एका जागेची डागडुजी करतो. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे, रक्तदाबाची औषधे, तंबाखू सोडणे आणि रोजचे चालणे यांचा परिणाम सगळ्या वाहिन्यांवर होतो.

मग स्थिर अंजायनात स्टेंट निरुपयोगी का? नाही, आणि ही दुसरी बाजू तितक्याच ठामपणे सांगायला हवी. ‘इस्केमिया’त ज्यांना दर आठवड्याला किंवा रोज छातीत दुखत होते, त्यांच्यापैकी स्टेंट-बायपासच्या गटातले निम्मे वर्षभरात दुखण्यातून पूर्ण मुक्त झाले, केवळ औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण एक पंचमांश होते. ज्यांना मुळात दुखतच नव्हते, त्यांना मिळवण्यासारखे काही नव्हते. यातला किती भाग मनाच्या दिलाशाचा, हे तपासण्यासाठी ब्रिटनमधल्या संशोधकांनी धाडसी मार्ग घेतला. काही रुग्णांना गुंगी देऊन नळी आत घातली, पण स्टेंट बसवलाच नाही. 2017 च्या ‘ऑर्बिटा’ चाचणीत, पुरेशी औषधे चालू असताना, खरा स्टेंट बसलेल्यांची व्यायामक्षमता तुलनेने फक्त 16.6 सेकंदांनी जास्त वाढली आणि तो फरक योगायोगाचाही असू शकत होता. 2023 च्या ‘ऑर्बिटा-2’ मध्ये अंजायनाची औषधे बंद ठेवून 301 रुग्णांवर हीच तुलना केली, तेव्हा स्टेंटने दुखणे खरोखरच कमी झाले. दोन्ही निकाल एकत्र वाचले की चित्र नीट दिसते. स्थिर अंजायनातला स्टेंट हा दुखण्यावरचा उपचार आहे, आयुष्य वाढवणारा नाही. औषधांनी दुखणे आटोक्यात येत असेल तर घाई नाही; येत नसेल, किंवा औषधेच सोसत नसतील, तर स्टेंट योग्य ठरतो. मात्र डाव्या मुख्य वाहिनीत अडथळा, हृदयाचे पंपिंग फार कमी झालेले किंवा नुकताच झटका येऊन गेलेला असे रुग्ण ‘इस्केमिया’त घेतलेच नव्हते. त्यांना हा निष्कर्ष लावता येणार नाही.

किंमत म्हणजे फक्त रुपये नव्हेत, पण रुपये विसरूनही चालत नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या दरावर मर्यादा घातली. औषध लावलेल्या स्टेंटसाठी 29,600 रुपये, साध्यासाठी 7,260 रुपये. त्याआधी हेच स्टेंट कितीतरी पट दराने रुग्णांच्या बिलात येत होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी झाली तर खिशाला तोशीस आणखी कमी पडते. तरीही रक्तस्रावाचा धोका, महिनोन्महिने घ्यायच्या दोन-दोन गोळ्या, बुडालेली मजुरी, सोबत आलेल्या मुलाची रजा, हे सगळे खर्चाच्या बाजूला मांडावे लागते.

खर्चाचा विचार करणारे संशोधन म्हणजे गरिबांसाठी दुय्यम उपचार, असा समज आहे आणि तो भारतातल्याच कामाने खोटा ठरवला आहे. 1956 मध्ये मद्रासला क्षयरोगाचे 193 रुग्ण दोन गटांत वाटले गेले. एका गटाने वर्षभर आरोग्यधामात राहून औषधे घेतली, दुसऱ्याने दाटीवाटीच्या वस्तीतल्या आपल्या घरी राहून. घरच्या रुग्णांना आहार निकृष्ट होता, विश्रांती कमी होती. तरी त्यांचे बरे होण्याचे प्रमाण आरोग्यधामातल्या रुग्णांच्या जवळपास राहिले आणि घरातल्या इतरांना जास्त लागण झाली नाही. खाटा, हवापालट आणि महिनोन्महिने घरापासून दूर राहणे ही त्या काळची मोठी किंमत होती. ती न मोजताही औषध काम करते हे सिद्ध झाल्यावर क्षयरोगाचे उपचार जगभर घराजवळ आले.

असाच प्रश्न अलीकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी विचारला. तोंडाच्या व घशाच्या पसरलेल्या कर्करोगात निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध उपयोगी आहे, पण नेहमीच्या मात्रेत, म्हणजे दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम, ते बहुतेक भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असते. त्यांनी 151 रुग्णांवर चाचणी केली. सर्वांना स्वस्त गोळ्यांची केमोथेरपी आणि निम्म्यांना त्यासोबत दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम निवोलुमॅब. वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेले. पूर्ण मात्रेशी थेट तुलना या चाचणीत नव्हती, त्यामुळे दोन्ही मात्रा सारख्याच प्रभावी आहेत असे त्यातून म्हणता येत नाही. पण ज्याला पूर्ण मात्रा मिळणारच नाही त्याच्यासाठी प्रश्न वेगळा असतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळाले. असे प्रश्न औषध कंपन्या स्वतःहून क्वचितच विचारतात, कारण मात्रा कमी केल्याने त्यांची विक्री घटते. सरकारी आणि धर्मादाय संस्थांनी अशा चाचण्यांवर खर्च करणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

दवाखान्यात बसलेल्या रुग्णाला शोधनिबंध वाचण्याची गरज नाही. डॉक्टरांना मोकळेपणाने चार गोष्टी विचारता येतात. हा उपचार आयुष्य वाढवण्यासाठी आहे, त्रास कमी करण्यासाठी की तपासणीतला आकडा सुधारण्यासाठी? माझ्यासारख्या शंभर जणांनी तो घेतला तर किती जणांना फायदा होतो आणि किती जणांना त्रास? आज काहीच केले नाही, किंवा तीन महिने आधी औषधे घेऊन पाहिली, तर काय बिघडेल? एकूण खर्च किती, आणि तो एकदाच की कायमचा? नेमका आकडा प्रत्येक वेळी मिळेल असे नाही, कारण पुष्कळ उपचारांवर चांगले संशोधन अजून झालेले नाही. पण ‘शंभरातल्या फार थोड्यांना’ की ‘निम्म्याहून अधिकांना’ एवढे तरी बहुतेक डॉक्टर सांगू शकतात. तातडीचे कारण नसेल तर कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचे मत विचारण्यात अनादर नाही.

चालू औषधे मात्र असे आकडे वाचून परस्पर बंद करू नयेत. आधी झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना, बायपास झालेल्यांना किंवा स्टेंट बसलेल्यांना ॲस्पिरिनचा फायदा सिद्ध झालेला आहे. नवीन स्टेंट असताना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या अचानक थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन झटका येऊ शकतो. दात काढायचा असो, छोटी शस्त्रक्रिया असो की पोटात जळजळ होत असो, या गोळ्या थांबवण्यापूर्वी हृदयाच्या डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.