पिल्लू आधी, पैसे मागाहून

इंटरनेटवरून कुत्र्याचे पिल्लू विकणारा ठक प्रथम गोजिरवाणे छायाचित्र दाखवून लोभ लावतो व थोडी आगाऊ रक्कम घेतो. मग वाहतूक, पिंजरा, विमा अशा एकेक मागण्या येतात. दिलेले बुडू नये म्हणून माणूस आणखी देत जातो. या फसवणुकीचे मर्म हेच होय. यास्तव पिल्लू त्याच्या आईजवळ प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज एक पैही देऊ नये. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा दाखला अवश्य मागावा. फसगत झालीच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. पैसा पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी अडविता येण्याचा संभव असतो.