‘रूहुल्लाह’ या उपाधीचा अर्थ

हजरत इब्राहीम (अलैहिस्सलाम) खलीलुल्लाह, हजरत मूसा (अ.) कलीमुल्लाह, हजरत ईसा (अ.) रूहुल्लाह. प्रेषितांच्या या उपाध्या आपली मुले मकतबमध्ये लहानपणीच पाठ करतात. पहिल्या दोन उपाध्यांचा अर्थ लावताना अडचण येत नाही. सूरह निसाच्या 125 व्या आयतीत अल्लाहने इब्राहीम (अ.) यांना आपला खलील, म्हणजे जिवलग मित्र केल्याचा उल्लेख आहे, त्याच सूरहच्या 164 व्या आयतीत मूसा (अ.) यांच्याशी त्याने संभाषण केल्याचे सांगितले आहे. तिसऱ्या उपाधीपाशी मात्र मन अडखळते. आपण तिचे मराठी सहज ‘अल्लाहचा आत्मा’ असे करून टाकतो आणि चाणाक्ष मूल विचारते, मग हजरत ईसा (अ.) अल्लाहचा अंश आहेत काय?

प्रश्न थेट तौहीदचा असल्याने तो टाळून चालणार नाही. घोटाळा षष्ठी विभक्तीचा आहे. ‘माणसाचा हात’ आणि ‘माणसाचे घर’ यांत संबंध षष्ठीचाच. पण हात हा माणसाचा अवयव आहे, घर नव्हे. अरबी इजाफतचेही तसेच आहे. काबागृहाला आपण बैतुल्लाह म्हणतो, म्हणून अल्लाह त्या चार भिंतींत राहतो असे कोणी मुसलमान मानत नाही. हजरत सालेह (अ.) यांच्या काळातील सांडणीला तर कुरआनने ‘नाकतुल्लाह’ म्हटले आहे! वस्तू निर्माण केलेलीच असते. तिचा मान वाढावा म्हणून तिचे नाते अल्लाहच्या नावाशी जोडले जाते. उलेमा यास ‘इजाफत-ए-तशरीफी’ म्हणतात.

सूरह निसाच्या 171 व्या आयतीत ईसा (अ.) यांना ‘त्याच्याकडून आलेली रूह’ म्हटले आहे. येथील ‘मिन्हु’ या शब्दावरून अंशाचा अर्थ काढू पाहणाऱ्यांनी सूरह जासियाची 13 वी आयत पाहावी. आकाशांत व पृथ्वीवर जे काही आहे, त्या सर्वांसाठी तेथे हाच शब्द आला आहे. शिवाय पित्याविना जन्म हे कारण पुढे केले, तर हजरत आदम (अ.) यांना माताही नव्हती, सूरह आले-इमरानच्या 59 व्या आयतीत हीच तुलना केली आहे.

तेव्हा मुलांना अर्थ सांगताना ‘अल्लाहने आपल्या आज्ञेने निर्माण केलेली, त्याच्याकडून आलेली सन्मानित रूह’ असे सांगावे. वाक्य लांबते, पण अर्थ सुरक्षित राहतो. सूरह मरयममध्ये पाळण्यातील ईसा (अ.) यांनी स्वतःची ओळख करून दिली आहे. त्या ओळखीचे पहिलेच शब्द आहेत, मी अल्लाहचा बंदा आहे.