झऱ्याचे पाणी कोठून येते?

इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे हे गाव भीमा व नीरा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसले आहे. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. ऊस उभा आहे तो नीरा डाव्या कालव्याच्या जोरावर. दोन्ही नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि याच तालुक्यात नीरा-नरसिंगपूर येथे एकत्र येतात. पावसाळा सरल्यावरही डोंगरातून पाणी का पाझरत राहते, हा प्रश्न म्हणूनच येथील शाळेतही विचारण्याजोगा आहे.

भीमाशंकर येथील कुंड हा भीमेचा उगम मानला जातो. त्याभोवतीचे अरण्य १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. राज्यप्राणी शेकरूमुळे ते सर्वपरिचित आहे. जलस्रोत म्हणून त्याची ओळख मात्र मागे राहिली.

सह्याद्री हा सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. अनेक थरांचा माथा सच्छिद्र व भेगाळ, तर खालचा भाग घट्ट असतो. माथ्यावर मुरलेले पाणी घट्ट थरावर अडते, आडवे सरकते आणि डोंगरउतारावर तो थर जेथे उघडा पडतो तेथे बाहेर येते. तोच झरा. अंथुर्ण्याच्या परिसरात कालव्याचे आवर्तन सुरू असताना जवळच्या विहिरींना पाणी चढते, तेही अशाच पाझराने.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात किच-इटी-किपी नावाचा झरा आहे. तेथील चुनखडकाच्या भेगांतून मिनिटाला सुमारे ३८,००० लिटर पाणी वर येते. बारा मीटर खोलीचे हे नितळ तळे कडक हिवाळ्यातही गोठत नाही. ती जमीन १९२६ मध्ये राज्याकडे आली आणि तेथे उद्यान झाले. आपल्या काळ्या पाषाणाजवळ एवढा साठा नाही. त्यामुळे येथील पुष्कळ झरे मार्च-एप्रिलपर्यंत क्षीण होतात, आणि माथ्यावरील झाडी तुटली की त्याहूनही लवकर.

अनेक ठिकाणी झऱ्याच्या मुखाशी सिमेंटची टाकी बांधली जाते आणि खर्च तेथेच संपतो. वस्तुतः झऱ्याचे पाणलोट मुखाच्या वर, कधी शेजारच्या गावाच्या हद्दीतही असते. तेथे समपातळी चर खणणे, गवत व झाडी राखणे अधिक उपयोगी. त्याच जागी खोल विंधणविहीर घेतल्यास घट्ट थर भेदला जाऊन झऱ्याचे पाणी खाली निघून जाण्याचा धोका असतो.

मोजणीस एक बादली व घड्याळ पुरे. १० लिटरची बादली २० सेकंदांत भरली, तर झऱ्याचा प्रवाह मिनिटाला ३० लिटर, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर झाला. जल जीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटर या प्रमाणाने हे पाणी ७८५ माणसांना पुरते. मात्र ही मोजणी जानेवारीत एकदा व मेमध्ये पुन्हा करावी. योजना आखताना धरावयाचा आकडा मेमधला.